बारा चित्रांचा रोल

आमच्या लहानपणी घरात लग्न निघाले की जी कामे आधी ठरवून ठेवावी लागत, त्यांत फोटोवाला सांगून ठेवणे हे एक महत्त्वाचे काम असे. हा गृहस्थ खांद्याला चामड्याची पेटी अडकवून येई. आल्याबरोबर तो वधूकडे पाहत नसे, की वराकडे पाहत नसे. तो चर्चच्या अंगणात उभा राहून आधी आभाळाकडे पाही, मग पायऱ्यांवर ऊन कोठवर आले आहे ते पाही, आणि मग मंडळींना सावलीच्या कडेला नेऊन उभे करी. त्याच्या पेटीत रोल असे बारा चित्रांचा. सधन घर असेल तर असे दोन किंवा तीन. तेवढ्यांत वेदीसमोरची वचने, अंगठ्या, आजी-आजोबा, दोन्हीकडचे सोयरे आणि शेवटी मांडवातली पंगत, सारे बसवावयाचे. एक चित्र वाया गेले म्हणजे सोहळ्याचा बारावा हिस्साच वाया गेला!

आज त्याच पायऱ्यांवर वधूवर उभे राहिले की पन्नास हात मोबाइल घेऊन वर होतात. संध्याकाळपर्यंत हजारभर चित्रे जमलेली असतात; मात्र भिंतीवर लावावे असे त्यांत एखादे सापडेल, याची खात्री कोणी देत नाही. हे जुन्या काळाचे रडगाणे आहे असे वाचकांनी समजू नये. आजच्या खिशातल्या यंत्राची दृष्टी त्या चामड्याच्या पेटीतल्या यंत्राहून पुष्कळच तीक्ष्ण आहे. यंत्र इतके सुधारले, तर चित्र त्या प्रमाणात का सुधारले नाही, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कॅमेऱ्याच्या इतिहासात सापडेल असे आम्हांस वाटते. जुन्या यंत्राच्या अडचणी याच छायाचित्रकाराच्या पंतोजी होत्या. एकेक अडचण दूर होत गेली, तशी तिची शिकवणीही बंद पडत गेली.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जगापुढे जाहीर झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. तो काळ ओल्या काचेचा. काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यावयाचा आणि सुकण्यापूर्वी अंधारात नेऊन धुवावयाची. मुंबईच्या मे महिन्यात हे सारे करताना त्या मंडळींची काय तारांबळ उडत असेल, हे वाचकांनीच कल्पावे. अशा खटाटोपात कोणी उगाच चित्र काढीत नसे. आधी डोळ्यांनी चित्र पुरते पाहून घ्यावयाचे, आणि मगच काच हाती धरावयाची.

त्याच १८५४ साली अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात जॉर्ज ईस्टमन नावाचे मूल जन्मास आले. रोचेस्टर शहरातील एका बँकेत कारकुनी करणाऱ्या या तरुणाला ओल्या काचांचा हा संसार पाठीवर वाहून नेण्याचा कंटाळा आला आणि त्या कंटाळ्यातून एक नवा उद्योग जन्मास आला. १८८८ साली त्याने 'कोडॅक' नावाचा कॅमेरा २५ डॉलरला विकावयास काढला. त्यात १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की १० डॉलर जोडून अख्खा कॅमेराच रोचेस्टरला पाठवावयाचा. तेथे फिल्म धुऊन, चित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत येई. बटण तेवढे तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही पाहून घेऊ, अशा अर्थाची त्याची जाहिरात जगभर गाजली. १९०० साली 'ब्राउनी' हा एका डॉलरचा कॅमेरा आला आणि छायाचित्रण मुलांच्याही हाती गेले. आपल्याकडे बडोद्यास तयार होणारा 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री' हा त्याच घराण्यातला म्हणावा लागेल. ऊन असेल तर सूर्याची खूण, आभाळ असेल तर ढगाची, एवढेच त्याचे शास्त्र. तथापि तो वापरणाऱ्यालाही निदान आभाळाकडे एकदा पाहावे लागे.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. कथा रोचेस्टरचीच आहे. डिसेंबर १९७५. कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन नावाचा पंचविशीतला अभियंता एक विचित्र पेटारा जुळवीत बसला होता. भिंग चलच्चित्रणाच्या छोट्या कॅमेऱ्याचे, तेही टाकाऊ सुट्या भागांतून उचललेले. सोबत सोळा बॅटऱ्या, एक व्होल्टमापक आणि चित्र साठविण्यासाठी गाणी ऐकावयाची असते तसली कॅसेट. वजन साडेतीन किलोंहून अधिक. या पेटाऱ्यात फिल्म मात्र नव्हती. फिल्मच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक चकती होती. तिचे मूळ तत्त्व १९६९ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडले होते. पुढे २००९ साली या दोघांना त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या चकतीचे काम समजावयास कठीण नाही. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवल्या आहेत अशी कल्पना करावी. प्रकाश पडला की प्रत्येक वाटीत विद्युत्‌भार साठतो. उजेड जास्त तेथे वाटी अधिक भरते. मग आग विझविताना माणसे रांगेने बादल्या पुढे देतात, तसा हा भार एका वाटीतून दुसरीत सरकत कडेला येतो आणि तेथे तो मोजून त्याचा आकडा लिहिला जातो. चित्र म्हणजे या आकड्यांची वही. सॅसनच्या चकतीत अशा शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार वाट्या होत्या. आजच्या साध्या मोबाइलमध्येही त्या कोट्यवधी असतात.

पहिल्या चित्रासाठी सॅसनने प्रयोगशाळेतीलच एका तरुण सहकारी स्त्रीला उभे केले. चित्र टिपावयास डोळ्याचे पाते लवेल एवढाही वेळ लागला नाही. ते कॅसेटवर उतरावयास मात्र तेवीस सेकंद लागले आणि दूरदर्शनच्या पडद्यावर दिसावयास आणखी तितकेच. पडद्यावर केसांची काळी आकृती दिसली, मागची पांढरी भिंत दिसली, पण चेहऱ्याच्या जागी नुसता कल्लोळ! त्या बाईंनी चित्राकडे पाहून, अजून काम करावयास हवे, एवढाच अभिप्राय दिला आणि त्या निघून गेल्या. तारांचा एक संच उलटा जोडला गेला होता; तो सुलटा केल्यावर चेहरा प्रकट झाला.

एक लहानसा तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. त्या कॅसेटवर किती चित्रे मावावीत, हे ठरविणे सॅसनच्याच हाती होते. त्याने आकडा ठरविला तीस. बाजारातले रोल चोवीस किंवा छत्तीस चित्रांचे असत, म्हणून त्यांच्या मधला! फिल्म नाहीशी करावयास निघालेला माणूसही मोजून चित्रे काढण्याच्या सवयीबाहेर गेला नव्हता.

१९७६ मध्ये त्याने हे यंत्र वरिष्ठांना दाखविले. कागदावरील चित्राविषयी शंभर वर्षांत कोणाची तक्रार नाही, मग कोणी आपली चित्रे दूरदर्शनच्या पडद्यावर का पाहावीत, असा त्यांचा प्रश्न. फिल्मच्या तोडीस यावयास किती काळ लागेल असे विचारता, सॅसनने पंधरा ते वीस वर्षांचा अदमास सांगितला. १९७८ साली एकस्वही मिळाले. पण यंत्राची वाच्यता बाहेर करावयाची नव्हती. कोडॅकने आपलेच अपत्य लपवून ठेवले आणि त्याच अपत्याने पुढे घर बुडविले, असे आज सर्रास लिहिले जाते. आमच्या मते हा निवाडा थोडा उथळ आहे. १९८८ साली ज्या संस्थेवर सुमारे १,४५,००० माणसांची चूल पेटत होती आणि जिचे उत्पन्न मुख्यतः फिल्म, रसायने व कागद यांवर उभे होते, तिला स्वतःच्या हाताने तिन्ही मोडीत काढा असे सांगणे सोपे नव्हते. शिवाय ती स्वस्थ बसलीही नव्हती. चकतीतल्या वाट्यांवर लाल, हिरव्या व निळ्या काचांची जाळी बसवून रंग ओळखण्याची जी युक्ती आज बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत आहे, ती कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची. तिचे एकस्व १९७६ सालचे. मानवी डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक जागा असतो, म्हणून त्यांनी दर चार वाट्यांत दोन हिरव्या ठेवल्या. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या कॅमेऱ्याला आपली चकती जोडून वृत्तछायाचित्रकारांसाठी डिजिटल कॅमेरा विक्रीस काढला. त्याची साठवणपेटी खांद्याला लटकवावी लागे. १९९५ मध्ये कॅसिओच्या कॅमेऱ्याला पाठीमागे लहानसा पडदा आला, आणि काढलेले चित्र तत्काळ पाहून नको असल्यास पुसून टाकण्याची सोय घरोघर पोचली. पुढे मोबाइलने तर कॅमेराच गिळला. १९ जानेवारी २०१२ रोजी कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१३ मध्ये ती त्यातून बाहेर आली आणि चित्रपटांसाठी फिल्म ती आजही बनविते. पण रोचेस्टरचे ते वैभव परत आले नाही. आपल्याकडे उटकमंडला १९६० साली स्थापन झालेली, 'इंदू' नावाची फिल्म बनविणारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सही याच लाटेत लयास गेली.

आता प्रश्न उरतो तो चांगल्या चित्राचा. जुन्या फोटोवाल्याचे काही नियम आजही तसेच लागू आहेत आणि एक मात्र पुरता उलटला आहे. निगेटिव्हवर प्रकाश थोडा जास्त पडला तरी अंधारखोलीत निभावून नेता येई. कमी पडला तर सावलीतला तपशील उमटतच नसे. म्हणून त्याचे लक्ष सावलीवर. डिजिटल चकतीचे गणित निराळे. वाटी काठोकाठ भरली की पुढचा प्रकाश मोजलाच जात नाही. तेथे कोरा पांढरा डाग राहतो आणि तो कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. अंधारात दबलेला तपशील मात्र पुष्कळ अंशी वर काढता येतो. तेव्हा आज जपावयाचे ते उजेडाला: वधूच्या पांढऱ्या झग्यावरील भरतकामाला, वेदीवरील मेणबत्त्यांना, खिडकीतल्या आभाळाला.

त्यात आणखी एक खोच आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालतो. चित्रभर पांढरा झगा आला की तो बिचारा घाबरून प्रकाश कमी करतो, झगा मळकट दिसतो आणि नवरीचा चेहरा सावळतो. काळ्या सुटाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. यंत्राची ही समजूत माणसानेच दुरुस्त करावयाची असते. झग्यासाठी प्रकाश किंचित वाढवावा, सुटासाठी किंचित उतरवावा. बहुतेक मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून ते वर-खाली सरकविले की एवढे काम होते. ही सोय असल्याचे आमच्या धाकट्या मंडळींनाही ठाऊक नव्हते!

चर्चमध्ये फ्लॅश उडविण्याची हौस तर अनाकलनीय आहे. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. मागच्या बाकावरून उडविलेला फ्लॅश वेदीपर्यंत पोचत नाही, तो पुढे बसलेल्यांची टाळकी तेवढी उजळतो आणि मिस्सेत व्यत्यय आणतो तो वेगळाच. त्यापेक्षा बाजूच्या दारातून आत येणारा उजेड शोधावा. चेहरा त्या दाराकडे किंचित वळला की एका गालावर प्रकाश व दुसऱ्यावर मऊ सावली पडते आणि चेहऱ्याला उठाव येतो. उजेड कमी म्हणजे यंत्राचा डोळा अधिक वेळ उघडा राहणार; म्हणून खांबाला टेकावे, कोपरे बरगड्यांशी धरावीत, श्वास सोडावा आणि मगच बटण दाबावे. आमचा फोटोवाला हेच करी. त्याचा दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून वरून पाहावयाचा असे. त्यामुळे प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणारी मुले त्याच्या चित्रांत खुजी दिसत नसत. भिंग आपोआपच त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येई. आज मोठी माणसे उभ्यानेच मुलांचे चित्र काढतात आणि चित्रात सर्वांत मोठे दिसते ते डोके.

कागदाविषयी लिहिताना आम्हांस थोडे संकोचल्यासारखे होते, कारण तेथे चूक आमचीच आहे. आमच्या घरातील पत्र्याच्या पेटीत १९५८ सालच्या लग्नाची अकरा कृष्णधवल चित्रे आहेत. (बारावे कोणी नेले, यावर अद्याप वाद आहे.) कडा पिवळ्या पडल्या असल्या तरी आजोबांच्या कोटाचे बटणही मोजता येते. कागद अमर असतो असे नव्हे. १९८० च्या सुमाराची आमची रंगीत चित्रे तांबूस होऊन फिकी पडली आहेत. पण निदान माणसे ओळखू येतात. २००४ साली धाकट्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. नवा डिजिटल कॅमेरा आला होता, चित्रे दोनशेहून अधिक निघाली, सीडीवर भरून ती कपाटात ठेवली. कागदावर काढू, काढू म्हणत राहून गेले. काही वर्षांनी सीडी यंत्रात घातली, तेव्हा यंत्राने ती वाचण्याचे नाकारले. अशा चकत्यांवरील रंगद्रव्य काळाने निकामी होते, हे आम्ही नंतर वाचले. त्या दिवशी ज्या आत्याने बाळाला हातांवर घेतले होते, त्या आता नाहीत, आणि त्यांचे त्या दिवसाचे एकही चित्र आमच्यापाशी नाही.

तेव्हापासून घरी एक रिवाज पडला आहे. नाताळनंतरच्या एखाद्या संध्याकाळी वर्षभराची सर्व चित्रे पडद्यावर लावावयाची आणि त्यांतून कागदावर छापण्यासाठी बारा निवडावयाची. तेराव्यासाठी दरवर्षी भांडण होते. नातू म्हणतो, संख्या वाढवा, छापावयास असा कितीसा खर्च येतो? आम्ही वाढवीत नाही. निवडलेली बारा चित्रे छापून आली की प्रत्येकाच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि तारीख लिहितो, आणि त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवतो. एक प्रत बंगळुरास नातवाच्या घरी जाते.