प्रतिविषाणू आज्ञावलींच्या तुलनात्मक चाचण्या

संगणकात शिरून माहितीची नासधूस वा चोरी करणाऱ्या अपायकारक आज्ञावली ओळखून त्यांना अटकाव करणाऱ्या आज्ञावलीस प्रतिविषाणू आज्ञावली म्हणतात. व्यवहारात अँटिव्हायरस हेच नाव रूढ आहे. तिची गुणवत्ता ग्राहकास स्वतः पारखता येत नाही. कारण तिचे अपयश बहुधा नुकसान झाल्यावरच उघड होते. यामुळे उत्पादकांपासून अलिप्त अशा संस्थांकडून चाचण्या घेण्याची पद्धत पडली. विनामूल्य आज्ञावली सशुल्क आज्ञावलींच्या तोडीच्या असतात काय, या प्रश्नाचा निर्णय मुख्यतः याच चाचण्यांच्या आधारे करता येतो.

पार्श्वभूमी : लाहोर येथे १९८६ मध्ये तयार झालेला ‘ब्रेन’ हा आयबीएम वैयक्तिक संगणकांत पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. फ्लॉपी चकत्यांमार्फत असे विषाणू भारतातही फैलावले. पुण्यात गणकयंत्र-दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय यांनी, दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्याच्या गरजेतून १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ ही आज्ञावली विकसित केली. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीची ‘ई-स्कॅन’ ही दुसरी आज्ञावली होय. या दोन्ही पुढे आंतरराष्ट्रीय चाचण्यांत उतरल्या.

चाचणीसंस्था व पद्धती : ‘व्हायरस बुलेटिन’ या ब्रिटिश नियतकालिकाने १९९८ मध्ये ‘व्हीबी १००’ हे प्रमाणपत्र सुरू केले. प्रत्यक्ष प्रसारात असलेले सर्व विषाणू ओळखणे आणि एकाही निरुपद्रवी फाइलीस विषाणू न ठरविणे, ही त्याची मूळ अट होती. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था संरक्षण, संगणकाच्या गतीवरील परिणाम व वापरसुलभता यांस प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ चुकीच्या इशाऱ्यांची संख्या मोठी असल्यास श्रेणी घटविते. ही दक्षता अनाठायी नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘एव्हीजी’ने विंडोज एक्सपीमधील एक आवश्यक फाइल विषाणू समजून काढल्याने अनेकांचे संगणक सुरूच होईनासे झाले.

विनामूल्य आज्ञावलींची कामगिरी : एकाच उत्पादकाच्या विनामूल्य व सशुल्क आवृत्त्यांत विषाणू ओळखणारा गाभा बहुधा समान असतो. त्यामुळे शोधक्षमतेत त्यांच्यात फारसा फरक आढळत नाही. फरक असतो तो तांत्रिक साहाय्य व जादा सुविधांत. मात्र कोणत्याही आज्ञावलीचे स्थान कायम राहत नाही. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विनामूल्य दिलेल्या ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ने २०१२ मध्ये एव्ही-टेस्टचे प्रमाणपत्र गमावले, उलट त्याच कंपनीच्या, विंडोजमध्ये अंतर्भूत असलेल्या ‘डिफेंडर’ने जून २०१९ च्या फेरीत १८ पैकी १८ गुण मिळविले.

मर्यादा : चाचणीचा निकाल चाचणीस दिलेल्या आवृत्तीपुरताच खरा असतो. चीनमधील ‘चीहू ३६०’ या विनामूल्य आज्ञावलीची चाचणीस पाठविलेली आवृत्ती ग्राहकांच्या आवृत्तीहून भिन्न असल्याचे २०१५ मध्ये उघडकीस आले आणि वरील तिन्ही संस्थांनी तिची त्या वर्षीची प्रमाणपत्रे रद्द केली. शिवाय विनामूल्य सेवेची किंमत गुणांकनात दिसतेच असे नाही. चाचण्यांत उत्तम श्रेणी मिळविणाऱ्या ‘अव्हास्ट’ने वापरकर्त्यांच्या महाजालावरील वावराची माहिती ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकल्याचे आढळले. जंपशॉट २०२० मध्ये बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये अव्हास्टला अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले.

प्रयोगशाळेतील यश हे सर्वस्वी अभय नव्हे. युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’मुळे जून २०१७ मध्ये मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’मार्फत क्विक हीलचे व पुढे ई-स्कॅनचेही विषाणू-निर्मूलक साधन विनामूल्य उपलब्ध झाले. अशी साधने झालेला संसर्ग काढतात. सततच्या संरक्षणाची जागा ती घेत नाहीत. म्हणून एकाच फेरीच्या निकालावर विसंबण्याऐवजी अनेक संस्थांचे लागोपाठचे निकाल एकत्र पाहणे आणि महत्त्वाच्या माहितीची प्रत संगणकापासून वेगळी जपून ठेवणे इष्ट ठरते.