युद्धाची इंजिने आणि परळीचा फलाट

बीड जिल्ह्यातील आगगाडीचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे परळी वैजनाथपासूनच आरंभ करावा लागतो, आणि फार काळपर्यंत तो परळी-घाटनांदूरच्या टापूत संपतही असे. निजामाच्या राजवटीत परळीस दोन बाजूंनी रूळ आले. विकाराबादहून बीदर, उदगीर करीत ब्रॉडगेज आला. परभणीहून गंगाखेडवरून मीटरगेज आला. एकाच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर, दुसऱ्याच्या रुळांत एका मीटरचे. त्यामुळे एका मार्गाची वाघीण दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. पोते पुढे जावयाचे तर ते हमालाच्या पाठीवरूनच जाई.

ही परळीची अडचण कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धात याच अडचणीने एका संपूर्ण आघाडीचा गळा आवळला होता. 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि आसाम ही रणभूमी झाली. कलकत्त्याहून निघालेला दारूगोळा पार्वतीपूरपर्यंत ब्रॉडगेजने जाई. तेथे तो उतरवून मीटरगेजच्या डब्यांत भरावा लागे, आणि पुढे ब्रह्मपुत्रा आडवी येई. पार्वतीपूर आज बांगलादेशात आहे. पण त्याचे दुखणे परळीच्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातच हिंदुस्थानातील पुष्कळशी मीटरगेज इंजिने आणि वाघिणी सरकारने मध्यपूर्वेच्या आघाडीकडे धाडलेल्या होत्या आणि कित्येक शाखामार्ग उखडून त्यांचे रूळ समुद्रापार नेले होते. शांततेच्या मुखातला घास युद्धाने असा काढून घेतला होता.

1 मार्च 1944 रोजी बंगाल-आसाम रेल्वेचा सुमारे 800 मैलांचा मीटरगेज भाग अमेरिकन लष्कराच्या रेल्वेदलाने चालविण्यास घेतला. त्या सुमारास मीटरगेजवर जे अमेरिकन मालगाडीचे इंजिन आले, त्यास सेनापती मॅकआर्थर यांचे नाव चिकटले. आमच्या रेल्वेच्या दप्तरात ते ‘एमएडब्ल्यूडी’ झाले. पुढे दोन लहान चाके, मध्ये ओढीची आठ, मागे पुन्हा दोन, अशी त्याची मांडणी होती. ओढीच्या चाकांचा व्यास अवघा 48 इंच, आणि एका आसावरील भार सुमारे 9 टन. हलक्या, कच्च्या, परक्या रुळांवरही चालावे म्हणून अंग असे जाणूनबुजून हलके ठेवले होते. ब्रॉडगेजसाठी ‘एडब्ल्यूडी’, ‘एडब्ल्यूई’ आणि कॅनडात घडलेली ‘सीडब्ल्यूडी’ ही भारी इंजिने आली. त्यांना शोभेचा सोस नव्हता. लवकर घडावीत, लवकर दुरुस्त व्हावीत आणि ओझे ओढावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

युद्ध संपले, इंजिने मात्र राहिली. दारूगोळ्याऐवजी त्यांच्यामागे धान्य, कोळसा, कापूस आणि खत यांच्या वाघिणी लागल्या. 1943 साली बाल्डविन कारखान्यात घडलेले ‘विराट’ नावाचे एक ‘एडब्ल्यूई’ इंजिन रेवाडी येथे जतन केलेले आहे. परंतु यापेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. या इंजिनांचा सांगाडा जाड लोखंडी दांड्यांचा असे, जुन्या विलायती इंजिनांसारखा पत्र्याचा नव्हे. तीच रीत आमच्या नव्या इंजिनांत उतरली. 1950 पासून आलेले मालगाडीचे ‘डब्ल्यूजी’ याच वळणाचे होते. त्याच वर्षी चित्तरंजन कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले इंजिन, ‘देशबंधू’, हेही ‘डब्ल्यूजी’च. 1970 पर्यंत या जातीची 2,450 इंजिने झाली. तेव्हा परळीच्या फलाटावरील एखादा वृद्ध मनुष्य एखाद्या काळ्या इंजिनास ‘अमेरिकन’ म्हणाला, आणि ते ‘डब्ल्यूजी’ निघाले, तरी त्यास हसू नये. कारखाना त्याने चुकविला असेल. कुळी चुकविलेली नाही. आठवणींची पारख इतिहासाने अशीच करावी, असे आम्हांस वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. युद्धाच्या निकडीपुढे कारखाने रात्रंदिवस धडधडले आणि शेकडो इंजिने महासागर ओलांडून काही महिन्यांत आसामच्या जंगलात पोहोचली. आमच्या बीड शहराकडे मात्र रूळ पोहोचावयास किती काळ लागला? अहिल्यानगर-बीड-परळी हा सुमारे 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला. गाडी आष्टीस आली 2022 साली, आणि बीडला 17 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्या दिवशीही परळीपर्यंतचा उरलेला टप्पा व्हावयाचाच होता. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तिशीला आले.

जमीन, पैसा आणि डोंगर या अडचणी आम्ही जाणतो. पण आसामातही डोंगर होतेच. फरक होता तो निकडीचा. मारण्याच्या कामी जी निकड माणसास सहज वाटते, ती पोसण्याच्या कामी वाटत नाही. मॅकआर्थरच्या इंजिनाची आठवण त्याच्या शिट्टीसाठी किंवा धुरासाठी जपावी हे ठीकच. परंतु मनात आणले म्हणजे मनुष्य किती लवकर रूळ आणि इंजिन उभे करू शकतो, याची ती साक्ष आहे. आणि बीडच्या शेतकऱ्याने ती साक्ष पुन:पुन्हा काढावी.