खाणकामगाराची मात्रा : एका मोजमापाचा इतिहास

पेण व रोहे या तालुक्यांच्या भूमीत युरेनियमची खाण नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण या द्रव्याच्या बाबतीत दरिद्रीच आहे. तथापि प्रस्तुत विषयाचा एक धागा या परिसराजवळून जातो. पेणच्या वायव्येस, मुंबई बंदरापलीकडे, ट्रॉम्बे येथे १९५४ मध्ये अणुशक्तिसंस्था स्थापन झाली. १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी युरेनियम कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याच्या सिंहभूममधील जादुगुडा खाणीत किरणोत्सर्गाच्या मापनाचे काम या केंद्राच्या आरोग्यभौतिकी पथकाकडे आले.

येथे रोग आधी ओळखला गेला, मोजमाप मागाहून आले. जर्मनीतील श्नीबेर्गच्या खाणकामगारांचा फुप्फुसविकार हा घातक अर्बुदाचा प्रकार आहे, असे हेर्टिंग व हेसे यांनी १८७९ मध्ये दाखविले. रेडॉन वायू तेव्हा अज्ञात होता. त्याचा शोध १९०० चा. पुढे १९५१ च्या सुमारास अमेरिकेत असे ध्यानात आले की, फुप्फुसाला खरी इजा रेडॉनपेक्षा त्याच्या अल्पजीवी संततीमुळे होते. हे घन कण धुळीला चिकटून श्वासाबरोबर आत जातात व तेथेच आल्फा-किरण सोडतात.

म्हणून एकक ठरले ते हवेचे. एक लिटर हवेतील अल्पजीवी संततीपासून १·३ लक्ष दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी आल्फा-ऊर्जा बाहेर पडणार असेल, तर ती एक ‘वर्किंग लेव्हल’. अशा हवेत १७० तास काम केले की एक ‘वर्किंग लेव्हल मंथ’. हवा गाळणीतून ओढून घेणे, काही वेळाने गाळणीवरील आल्फा-कण मोजणे, आणि येणारा आकडा कामाच्या तासांनी गुणणे, ही मोजण्याची रीत. छातीवर लावलेली फिल्मपट्टी गॅमा-किरण नोंदवी. श्वासातून आत गेलेल्याची तिला वार्ता नसे.

यातून एक भेद स्पष्ट होतो. हवेचा आकडा हे ‘उद्भासन’ आहे. शरीरात किती ऊर्जा साठली, ती ‘मात्रा’. वैद्यकातील मात्रा हा शब्द मराठीस सवयीचा असल्याने दोहोंची गल्लत सहज होते. त्यांना जोडणारा गुणकही स्थिर नाही. आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९३ मध्ये एका वर्किंग लेव्हल मंथाला सुमारे ५ मिलिसीव्हर्ट मानले. २०१७ मध्ये तो आकडा सुमारे १० झाला. हवा तीच, कामगार तोच. मात्रा मात्र दुप्पट.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. अमेरिकेच्या १९९० च्या भरपाई-कायद्याने धूम्रपान न करणाऱ्या खाणकामगाराकडून २०० वर्किंग लेव्हल मंथांचा पुरावा मागितला. २००० मध्ये ती अट ४० वर आली. मधल्या दहा वर्षांत ४० व २०० यांच्या दरम्यानचा आकडा असलेल्या कुटुंबाचा दावा या निकषावर टिकणे शक्य नव्हते. शिवाय प्रारंभीच्या काळातील पुष्कळ खाणींची हवा मोजलीच गेली नव्हती. तेथील आकडे नंतर शेजारच्या खाणींवरून अनुमानाने बसविले गेले.

सारांश, अशा नोंदी वाचताना संशोधकाने तीन प्रश्न विचारावेत : मोजले ते हवेला की माणसाला, प्रत्यक्ष मोजले की अनुमानिले, आणि गुणक कोणत्या वर्षाचा. त्यांची उत्तरे न मिळता दोन काळांतील आकड्यांची तुलना केली, तर ती इतिहासाची नव्हे, निव्वळ संख्यांची तुलना होईल.