पिन बदलली का?

एखादा माणूस तेच ते बोलू लागला की आपण सहज म्हणतो, ‘याची पिन अडकली.’ वर्गातील मुलेही हा वाक्प्रचार वापरतात. पण ही पिन कोणती, ती कशात अडकते आणि का, असे विचारले तर बहुतेक वर्ग गप्प बसतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी ती पिन पाहिलेलीच नाही.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या आमच्या घराचा माळा आवरताना जुना रेकॉर्ड-प्लेअर हाती आला. धूळ पुसून आम्ही त्यावर केसरबाई केरकरांची एल. पी. लावली. तबकडी फिरू लागली, पण सूर घोगरा आणि वरच्या पट्टीत नुसती खरखर. स्वयंपाकघरातून आईचा प्रश्न आला, ‘‘पिन बदलली का?’’ आम्ही चटकन दांडी उचलली. तिच्या टोकाची पिन भिंगाखाली धरली, तेव्हा जेथे गुळगुळीत गोलाई असायला हवी तेथे दोन चपट्या, धारदार बाजू दिसल्या.

आईचा प्रश्न साधा होता, पण त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की झीज होणारच. ती कोणाची व्हावी, पिनेची की तबकडीची, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

झिजण्यासाठीच घडवलेली पिन

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. त्यात नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथिलाच्या पत्र्यावर सुई वर-खाली होत आवाज कोरत असे. पुढे एमिल बर्लिनर याने १८८७ साली ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याने नळकांड्याऐवजी चपटी तबकडी घेतली आणि सुई वर-खाली न हलवता डावी-उजवीकडे हलवली. सपाट तबकडी साच्यात दाबून तिच्या हजारो प्रती काढता येतात, हा तिचा मोठा फायदा.

भारतात ध्वनिमुद्रणाची पहिली मोठी मोहीम १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाली. फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने तेव्हा गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. सुरुवातीला या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून बोटीने परत येत. १९०८ साली कोलकात्यात तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला.

या तबकड्यांचा एक घटक आपल्याच जंगलातला होता, तो म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणारा एक चिमुकला कीटक जो राळेसारखा पदार्थ स्रवतो, तो शुद्ध केला की शेलॅक मिळते. छोटा नागपूरचे पठार त्यासाठी प्रसिद्ध. जत्रेतल्या लाखेच्या बांगड्या ज्या कुळातल्या, त्याच कुळातली ग्रामोफोनची तबकडी. मात्र तबकडीत लाख थोडी आणि दगडाची पूड जास्त असे. शिवाय काळ्या रंगासाठी काजळी.

दगडाची पूड कशासाठी? ती पदार्थ स्वस्त आणि टणक करीत असे, हे खरेच. पण तिचे आणखी एक काम होते. पोलादी पिनेचे टोक प्रत्येक तबकडीच्या खाचेत नेमके बसेल असे घडवणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणून ते काम तबकडीवरच सोपवले होते. पहिल्या काही फेऱ्यांतच दगडाची पूड कानशीसारखी पिनेचे टोक घासून त्याला खाचेचा आकार देत असे. म्हणजे पिन झिजणे हा बिघाड नव्हता, ती योजनाच होती!

पण योजनेला दुसरी बाजू होती. पिन खाचेच्या आकाराला येऊन थांबत नसे, ती पुढेही झिजत राही. मग तिच्या टोकाला धार येई आणि ध्वनिपेटीचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन घेऊन ती खाचेच्या भिंती खरवडू लागे. म्हणून ‘एका बाजूला एक पिन’ असा दंडक कंपन्यांनी घालून दिला होता. पिनांच्या चिमुकल्या पत्र्याच्या डब्या मिळत. एका डबीत बहुधा २०० पिना. जाड पिनेचा आवाज मोठा, बारीक पिनेचा मवाळ. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण नसलेल्या यंत्रात पिन बदलणे हाच आवाज बदलण्याचा उपाय होता.

आपल्या घरांतून हा दंडक किती पाळला गेला? काटकसर अंगी मुरलेल्या माणसाला तीन मिनिटे वापरलेली, दिसायला धडधाकट अशी पोलादी वस्तू टाकून देणे पाप वाटे. एकच पिन चार-चार, आठ-आठ तबकड्यांना पुरवली जाई. पिन वाचे आणि गाणे झिजे. जुन्या बाजारात मिळणाऱ्या कित्येक तबकड्यांवर काळ्या चकाकीऐवजी करडी छटा दिसते, ती या काटकसरीची खूण आहे.

भूमिकांची अदलाबदल

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेलॅकची टंचाई झाली आणि पर्यायांचा शोध जोरात सुरू झाला. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइल या प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ वादनाची तबकडी आणली. हीच एल. पी. एका बाजूला तीन मिनिटांऐवजी वीस-बावीस मिनिटे गाणे मावू लागले. ख्याल गायकीच्या दृष्टीने हा फरक किती मोठा, हे सांगायला नकोच.

व्हिनाइल मऊ असते. त्यात दगडाची पूड नसते, म्हणून खरखरही नाही. पण मऊ तबकडीवर झिजणारी पोलादी पिन चालवली तर तबकडीचा लगेच निकाल लागेल. आता पिन न झिजणारी हवी होती. मोह्ज यांच्या काठिण्यश्रेणीत नववे स्थान असलेला नीलमणी आणि दहावे स्थान असलेला हिरा पिनेच्या टोकाला आले. नीलमणी कृत्रिम असे, हिराही दागिन्यांतला नव्हे. पण दोघांना कारखान्यातच अचूक गोलाई देता येत असे.

खाचही बारीक झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी पिनेच्या टोकाची त्रिज्या सुमारे ६५ ते ७५ मायक्रोमीटर असे. एल. पी. साठी ती २५ आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ आल्यावर सुमारे १८ मायक्रोमीटर झाली. आपल्याकडे १९६० च्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या. त्यामुळे घरोघरच्या प्लेअरना उलटसुलट होणारी दुतोंडी पिन असे, एका बाजूला ७८ चे टोक, दुसऱ्या बाजूला एल. पी. चे. लहानपणी आम्ही हा खटका गंमत म्हणून फिरवला आणि तसाच ठेवून दिला. जाड टोक एल. पी. च्या खाचेत शिरू शकत नाही; ते खाचेच्या वरच्या कडा चिरडत जाते. त्या दिवशी खराब झालेल्या दोन एल. पी. आजही आमच्या कपाटात आहेत.

एक हिशेब

पिन किती दिवस पुरते, हे मुलांना गणितातून सांगता येईल.

७८ ची दहा इंची तबकडी तीन मिनिटांत २३४ फेरे घेते. खाचेची सरासरी त्रिज्या सुमारे ८.५ सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात पिन सुमारे ५३ सेंटिमीटर चालते. एकूण अंतर सव्वाशे मीटर. पोलादी पिनेचे आयुष्य एवढेच!

एल. पी. ची एक बाजू वीस मिनिटांची धरू. फेरे ६६७, सरासरी त्रिज्या १०.३ सेंटिमीटर, म्हणून अंतर सुमारे ४३० मीटर. नीलमण्याचे टोक साधारण ५० तास टिकते, म्हणजे अशा १५० बाजू आणि ६५ किलोमीटर. कोल्हापूरहून निघाले तर कराडच्या अलीकडेच ते थकते. हिऱ्याचे टोक ५०० तास तरी टिकते. ते साडेसहाशे किलोमीटर चालते. मुंबई गाठून परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या आसपास पोहोचते. पण तेथे त्यालाही थांबवावे लागते.

हिरासुद्धा का झिजतो? घरगुती प्लेअरमध्ये पिनेवर सुमारे ५ ग्रॅम भार असतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. पण पिन खाचेच्या दोन्ही भिंतींना जेथे टेकते, तेथील ठिपक्याचा व्यास जेमतेम १० मायक्रोमीटर असतो. भार भागिले क्षेत्रफळ असा ढोबळ हिशेब केला तर तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन-चार हजार पट येतो. त्यात खाचेत धूळ असते आणि धुळीत क्वार्ट्झचे कठीण कण असतात. पिन उडू नये म्हणून काही जण तिच्या डोक्यावर नाणे ठेवत. १९९२ साली निघालेल्या स्टीलच्या रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम होते, म्हणजे त्या एका नाण्याने भार जवळजवळ दुप्पट होई.

आता घोगऱ्या आवाजाचे कारणही कळते. एल. पी. च्या आतल्या फेऱ्यांत खाच पिनेखालून सेकंदाला सुमारे २१ सेंटिमीटर वेगाने जाते. १०,००० हर्ट्झचा सूर तेथे अवघ्या २१ मायक्रोमीटरच्या नागमोडीत कोरलेला असतो. गोल टोक त्या वळणात कसेबसे शिरते. झिजून चपटे झालेले टोक शिरतच नाही. ते वळणे तासत पुढे जाते. आणि एकदा तासली गेलेली वळणे नवी पिन बसवल्याने परत येत नाहीत.

शेलॅकच्या तबकडीने पिनेला घासावे अशी योजना होती. व्हिनाइलच्या काळात मात्र झिजलेली पिनच तबकडी तासू लागली. पण दोन्ही काळांत धडा एकच. पिन बाजारात पुन्हा मिळते, खाच मिळत नाही. म्हणून झिजायचे ते पिनेने आणि तिला वेळीच बदलायचे ते आपण.

पावसाळ्याचा उपद्रव

पिन हलते, तिच्या हलण्यापासून वीज कशी होते? पियेर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले, की काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. याला दाबविद्युत परिणाम म्हणतात. जुन्या पिकअपमध्ये रोशेल क्षाराचा, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेटचा स्फटिक असे. हा क्षार अतिदमट हवेत पाणी शोषतो आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसला कायमचा निकामी होतो. कोल्हापूरसारख्या चार महिने ओल असणाऱ्या गावात अशा पिकअपचे हाल ठरलेले. तेव्हा पिन बदलूनही आवाज बसलेलाच राहिला, तर दोष स्फटिकाचा असू शकतो. पुढे आलेल्या सिरॅमिक पदार्थांनी ही अडचण बरीचशी दूर केली.

खाचेत उरलेले गाणे

कोल्हापूरकरांना हा विषय जवळचा वाटावा, याला एक खास कारण आहे. जयपूर घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. १९४६ साली ते वारले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ज्या गावाने ते गाणे इतकी वर्षे ऐकले, त्या गावाजवळही त्याचा एक सूर नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती शिष्यांच्या कंठांतून आणि त्यांच्या तबकड्यांच्या खाचांतून.

केसरबाई या त्यांच्या थोर शिष्या. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. पुढे मुंबईत त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत. अशा तबकडीवर कोणी झिजलेली पिन चालवतो, तेव्हा त्या मोजक्यातलाही एक अंश कमी होतो. जुन्या तबकड्यांचे जतन करणारे अभ्यासक म्हणूनच वेगवेगळ्या त्रिज्यांच्या पिना बाळगतात. पूर्वीच्या पिनेने न खरवडलेला, खाचेचा किंचित वरचा किंवा खालचा भाग शोधून ते तेथून आवाज मिळवतात. अमेरिकेतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी तर पिन न लावता, खाचांची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन संगणकाने आवाज वाचण्याची रीत विकसित केली आहे.

केसरबाईंची एक तबकडी मात्र झिजण्यापलीकडे गेली आहे. १९७७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुटलेल्या व्हॉयेजर-२ आणि व्हॉयेजर-१ या यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात जगभरच्या संगीताबरोबर केसरबाईंची भैरवीही आहे. विशेष म्हणजे सोबत पिकअप आणि पिनही पाठवली आहे. आवरणावर पिन कोठे ठेवायची, याची आकृती कोरली आहे. तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांचा असावा, हे हायड्रोजन अणूच्या एका संक्रमणाचा काळ एकक धरून द्विमान अंकांत लिहिले आहे. तबकडी कितीही चांगली असो, योग्य पिनेवाचून ती मुकीच, हे ती पाठवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. व्हॉयेजर-१ आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यावरची पिन अजून एकदाही खाचेत उतरलेली नाही.

वर्गात करून पाहा

शाळेच्या कपाटात एखादी चिरलेली, निरुपयोगी तबकडी असेल तर जाड कागदाचा शंकू करा. त्याच्या टोकातून शिवणाची सुई थोडी बाहेर काढून चिकटपट्टीने पक्की करा. तबकडीच्या मधल्या भोकात पेन्सिल बसवून ती सावकाश फिरवा आणि सुई खाचेत अलगद टेकवा. वीज नाही, स्फटिक नाही, तरी कागदातून गाणे येईल. मग ती सुई भिंगाखाली पाहा. चांगल्या तबकडीवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नका.

आणि घरी कोणाच्या आजीकडे जुना प्लेअर असेल, तर तो लावण्याआधी मुलांनी एवढेच विचारावे, ‘‘पिन बदलली का?’’ आम्ही तो प्रश्न उशिरा ऐकला. केसरबाईंची ती एल. पी. नवी पिन मिळेपर्यंत पुन्हा पाकिटात गेली, आणि मिळाल्यावर वाजली. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांत मात्र थोडी खरखर अजून ऐकू येते. ती आमची.