अंकातील कथा आणि संग्रहातील कथा : मराठी लघुकथेच्या इतिहासलेखनाचा एक प्रश्न

१९४५ ते १९६० हा कालखंड मराठी वाङ्मयेतिहासात ‘नवकथेचा कालखंड’ म्हणून ओळखला जातो. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर हे तिचे प्रमुख शिल्पकार मानले जातात. हा इतिहास बव्हंशी संग्रहांच्या आधारे लिहिला गेला. ‘मानसचित्रे’ (१९४६), ‘कडू आणि गोड’ (१९४८), ‘माणदेशी माणसे’ (१९४९) हे त्याचे टप्पे होत. तथापि, तत्कालीन वाचकाला कथा प्रथम भेटत असे ती मासिकाच्या अंकात. हा भेद नजरेआड झाल्याने वाङ्मयीन कथा व लोकप्रिय कथा यांमधील सीमारेषा वाजवीपेक्षा ठळक झाली आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने (१८९५) मराठी कथेला वाचक मिळवून दिला आणि १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) या मासिकांनी कथा मध्यमवर्गीय घरांत पोहोचवली. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये पुरस्कारिलेले रेखीव तंत्र या वाचकाच्या अपेक्षांशी जुळणारे होते. नवकथेने या तंत्राविरुद्ध बंड केले हे खरे. परंतु तिचे व्यासपीठ लोकप्रिय मासिकांच्या परंपरेबाहेरचे नव्हते.

‘सत्यकथा’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. १९३३ मध्ये निघालेल्या या मासिकाचे नावच रंजनाच्या अपेक्षेशी नाते सांगते. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली तेच प्रयोगशील कथेचे केंद्र बनले. याउलट, ‘सत्यकथे’चे संपादन केलेल्या अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये ‘हंस’ काढला. ‘मोहिनी’ व ‘नवल’ ही मासिकेही त्यांचीच. म्हणजे दोन्ही प्रवाहांचा उगम काही अंशी एकाच संपादकीय परंपरेत आढळतो.

या सीमारेषेचे परिणाम केवळ वर्गीकरणापुरते मर्यादित नव्हते. कोणती कथा ‘वाङ्मयीन’ ठरावी, याचा अधिकार मोजक्या संपादकांकडे एकवटला. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, ती या अधिकाराविरुद्धच.

संग्रहात कथा सुटी होते. तिच्या शेजारचा लेख, चित्र, जाहिरात, वाचकांचा पत्रव्यवहार हा सारा संदर्भ अंकातच राहतो. अंक बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकल्या, तर तोही नष्ट होतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुने अंक रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची सूची करणे हे म्हणूनच केवळ ग्रंथपालांचे काम नव्हे. ते मराठी विभागाचे इतिहासलेखन आहे. ही साधने गमावली, तर कथेचा इतिहास संग्रहांच्या अनुक्रमणिकेपलीकडे जाऊ शकणार नाही.