थंडीत ट्रॅक्टर सुरू होताना खडखडतो? आवाजावरून बिघाड असा ओळखा

मंगळवेढा तालुका 'ज्वारीचं कोठार' म्हणून ओळखला जातो. इथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. रब्बीचं पीक शेतात उभं असताना, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे ट्रॅक्टरला सेल्फ मारला की इंजिन खडखडतं. दोन-तीन मिनिटांत आवाज बंद होतो. मग प्रश्न पडतो: हे थंडीमुळे आहे, की इंजिन कामाला आलंय?

चुकीचा अंदाज दोन्हीकडून महागात पडतो. साध्या टॅपेटच्या आवाजासाठी इंजिन खोललं तर विनाकारण खर्च होतो. बेअरिंगचा आवाज दुर्लक्षित केला तर क्रँक खराब होऊ शकतो.

थंड इंजिन आवाज का करतं?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबल्यामुळे हवा तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेतं. इंजिन थंड असताना डिझेल पेटायला किंचित उशीर होतो. तेवढ्या वेळात साचलेलं डिझेल एकदम पेटतं आणि 'खट-खट' असा ठोका येतो. सोबत थोडा पांढरा धूर दिसतो, तो न जळलेल्या डिझेलचा असतो. इंजिन तापल्यावर दोन्ही थांबत असेल तर काळजीचं कारण नाही.

दुसरं कारण ऑइल. रात्रभरात ते खाली चेंबरमध्ये उतरतं आणि थंडीने घट्ट होतं. वरच्या भागात पोहोचायला त्याला काही सेकंद लागतात.

कोणता आवाज कशाचा?

• हलकी 'टिक-टिक', इंजिनच्या वरच्या भागातून: टॅपेटचा गॅप वाढलेला असू शकतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ही टिकटिक इंजिनच्या फेऱ्यांपेक्षा संथ असते.
• 'फट-फट', सायलेन्सरच्या जोडाजवळ: गॅस्केटमधून गळती. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज कमी होतो.
• बोदा ठोका, तापल्यावर कमी होणारा: पिस्टन आणि लायनरमधली झीज. निळा धूर आणि ऑइल कमी होणं ही सोबतची लक्षणं.
• खोल, जड ठोका, खालच्या भागातून: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. तापल्यावर ऑइल पातळ होतं, त्यामुळे हा आवाज थांबत नाही, उलट वाढू शकतो. लोड दिल्यावर तो आणखी स्पष्ट होतो.
• किंचाळल्यासारखा आवाज: ढिला किंवा झिजलेला फॅन बेल्ट.

एटीव्ही किंवा दुचाकीच्या पेट्रोल इंजिनातही हीच पद्धत चालते. तिथे टॅपेटसोबत टायमिंग चेनही तपासावी लागते.

घरी काय तपासावं?

1. सुरू करण्याआधी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना डिपस्टिकवर ऑइल पाहावं.
2. सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझतो का, ते पाहावं. विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावं.
3. आवाज किती वेळ टिकतो, रेस वाढवल्यावर बदलतो का, धुराचा रंग कोणता, हे लिहून ठेवावं.
4. थंड इंजिनाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करावा. गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन तापतं आणि मेस्त्रीला तो आवाज ऐकूच येत नाही.

नोझलच्या पाइपचे नट एकेक ढिले करून कोणत्या सिलिंडरचा आवाज आहे, हे मेस्त्री शोधतात. घरी हा प्रयोग करू नये. त्या दाबाने उडालेलं डिझेल कातडीत घुसू शकतं. बेल्ट आणि फॅनजवळ वाकताना उपरणं किंवा सैल कपडा दूर ठेवावा.

थंड इंजिन सुरू होताच रेस करू नये. एक-दोन मिनिटं ते मंद चालू द्यावं, मगच कामाला लावावं. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच वापरावं. '15डब्ल्यू-40'मधला 'डब्ल्यू' थंडीतला पातळपणा दाखवतो; त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर पोहोचतं.

थोडक्यात, तापल्यावर जाणाऱ्या आवाजावर लक्ष ठेवावं. तापल्यावरही राहणारा किंवा वाढणारा खोल ठोका ऐकू आला, तर त्या दिवशी ट्रॅक्टर शेतात न नेता मेस्त्रीला बोलवावं.