जुने अडॅप्टर आणि ग्रामसभांचे अभिलेख : एक विचार

वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. अशा ग्रामसभांचे ठराव, नकाशे व दावे ही उद्याच्या इतिहासाची साधने होत. त्यांच्या अंकीय प्रती चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालयांनी अल्प खर्चात कशा जपाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक सामान्यतः मेमरी कार्डावर चालतो. नोंद सुरू असताना वीज गेल्यास कार्डावरील माहिती बिघडू शकते. सततच्या लेखनास सॉलिड स्टेट ड्राइव्ह अधिक टिकाऊ ठरते. साटा जोडणीचे पहिले मानक २००० च्या दशकाच्या आरंभीचे. लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलून अडीच इंची सॉलिड स्टेट ड्राइव्ह आली, तरी जोडणी तीच राहिली. म्हणूनच जुन्या साटा डिस्कसाठी घेतलेले यूएसबी अडॅप्टर आजही उपयोगी पडते. त्यापूर्वीच्या आयडीई डिस्कचे मात्र नाही. काही जुन्या अडॅप्टरांची चिप यूएएस या नव्या पद्धतीत अडखळते. तेव्हा ती पद्धत बंद करावी लागते.

सारांश, अभिलेखांचे आयुष्य यंत्राच्या नवेपणापेक्षा जोडणीच्या सातत्यावर अधिक अवलंबून असते. अडॅप्टर भंगारात काढण्यापूर्वी तपासावे आणि अभिलेखांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी.